मागची बाजू रात्रीतून बसते: हायड्रॉलिक सस्पेन्शनची गळती घरीच काढता येईल का?

अर्धवट_मेकॅनिक | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाण्याचा. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या उपनगरात. गाडी २००३ ची लेक्सस एलएक्स ४७०, म्हणजे आतून लँड क्रूझर १००. मी तिचा तिसरा मालक. मीटरवर १ लाख ८७ हजार मैल. इंजिनाबद्दल काडीची तक्रार नाही.

प्रश्न सस्पेन्शनचा आहे. या गाडीला एएचसी नावाची भानगड आहे. एका बटनावर गाडी वरखाली होते: लो, नॉर्मल, हाय. शॉकअपमध्ये दाबाखालचं तेल, बॉनेटखाली तेलाची टाकी, चॅसीवर पंप आणि चार चाकांना नायट्रोजन भरलेले चार गोळे. चालू असते तेव्हा खड्डा लागलाय हे फक्त आवाजावरून कळतं.

उन्हाळ्यापासून टाकीतलं तेल कमी होतंय. आधी महिन्याला कपभर, आता आठवड्याला. गेल्या दोन आठवड्यांपासून रात्री गाडी लावली की सकाळी मागची बाजू बसलेली. इंजिन सुरू केलं की पंप घरघरतो, गाडी उठते. परवा उठलीच नाही, वर 'ऑफ'चा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या उजव्या शॉकअपला तेल लागलंय आणि खाली फरशीवर डाग आहे.

इथल्या एका गॅरेजने (नाव नको) मागचे दोन्ही शॉकअप बदलायचे म्हणून जो आकडा सांगितला, तेवढ्यात दोन माणसं भारतात जाऊन येतील. बायकोचं म्हणणं, गाडी विका. माझं म्हणणं, एक शनिवार द्या.

घरी गॅरेज आहे, तीन टनी जॅक आहे, चार घोडी आहेत, पान्यांचा बऱ्यापैकी संच आहे. ब्रेकचं काम नेहमी स्वतःच करतो. हे जमेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


शारजाकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

या रे या. एएचसीवाला मराठी माणूस भेटला म्हणजे दिवस चांगला गेला. माझ्याकडे २००५ ची आहे. आमच्याकडे इंडस्ट्रियल एरियात अशा गाड्यांची रांग लागलेली असते, कारण उन्हाने रबर आणि गोळे दोन्ही मरतात. तुझ्याकडे ऊन नाही, तुझा शत्रू वेगळा असणार.

आधी तीन गोष्टी कर, पैसे लागत नाहीत.

सपाट जागेवर चारही चाकांशी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोज. नॉर्मलला पुढे साधारण ५०० मिमी, मागे ५२० मिमी यायला हवी. नंतर हायमध्ये टाकीतल्या तेलाची पातळी बघ, मग लोमध्ये बघ. टाकीवर रेघा आहेत, त्या मोज. गोळे नवे असताना फरक १४ रेघांच्या आसपास असतो. ७-८ च्या खाली असेल तर गोळे संपले, आणि मग गळती काढूनही गाडी बैलगाडीसारखीच चालेल. (तेल गळत असताना आकडा नीट येणार नाही, म्हणून ही चाचणी दुरुस्तीनंतर पुन्हा कर.)

तिसरं, टाकीत काय ओतत होतास ते सांग. खरं सांग.


अर्धवट_मेकॅनिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

कंपनीचंच, एएचसीचं. अडीच लिटरचा पत्र्याचा डबा येतो तो. दुसरा डबा चालू आहे.

(एकदा, फक्त एकदा, ऑटो ट्रान्समिशनचं तेल ओतायचा मोह झाला होता. ओतलं नाही.)


शारजाकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:४१

वाचलास. ते दाट पडतं. ब्रेक ऑइल ओतणारेही पाहिलेत मी, त्याने तर सगळी सीलं फुगून बसतात. मग गळती शोधायची गरजच उरत नाही, सगळीकडूनच येते.


स्प्रिंग_लावा_सुखी_व्हा | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी टेक्सासमध्ये हीच गाडी सात वर्षं चालवली. पाचव्या वर्षी एएचसी उपटून टाकलं. मागे जाड स्प्रिंगा, पुढे जाड टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्या), चार साधे शॉकअप. दोन दिवसांचं काम. त्यानंतर एक थेंब तेल नाही, एक दिवा नाही. वीस वर्षं उलटलेल्या गाडीत हायड्रॉलिक ठेवणं म्हणजे म्हाताऱ्या हत्तीला रोज ऊस घालणं.


शारजाकर | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

हत्ती पाळायचा तर ऊस लागणारच भाऊ. ज्याला उंट हवा त्याने साधी लँड क्रूझर घ्यावी.

आणि नुसते साधे शॉकअप लावून भागत नाही, हे नवीन लोकांना स्पष्ट सांगायला हवं. या गाडीत वजन दोघं मिळून उचलतात, स्प्रिंग आणि तेल. कारखान्यातून येणारी स्प्रिंग मुद्दाम मऊ असते, कारण उरलेला भार तेल घेतं. तेल काढून मऊ स्प्रिंग तशीच ठेवली की गाडीचं बूड रस्त्याला लागतं. तुम्ही स्प्रिंगा बदलल्या म्हणून तुमचं जमलं. बरेच जण ते विसरतात.


भोसरीकर | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मी गाड्यांतला नाही. भोसरी एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेसवर एकतीस वर्षं काढली, आता रिटायर. पण तेल ते तेल, आणि दाब तो दाब.

शॉकअप घेऊ नका. अजून एक रुपया, म्हणजे डॉलर, खर्च करू नका. तेल जिथं दिसतं तिथून गळत नसतं. थेंब वजनाने खाली येतो आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातो. म्हणून डाग सापडला की त्याच्या वर आणि पुढे बघायचं. आमच्याकडे प्रेसचा सिलिंडर बदलून झाला, महिनाभर तेच रडगाणं, आणि शेवटी निघाला काय तर छताजवळचा एक नट.

गाडी खालून गरम पाण्याने धुवा. साबण लावा. पूर्ण वाळू द्या. मग पावडर मारा, अंगाला लावतात ती टाल्कम. इंजिन चालू करून गाडी वर घ्या आणि बाजूला उभं राहून टॉर्चने बघा. पावडर जिथं पहिल्यांदा ओली होईल तिथं खूण करा.

हात लावून बघू नका. पुठ्ठा धरा. काठीला पुठ्ठा बांधून लांबून फिरवा.


रात्रपाळी | १४ ऑक्टोबर, पहाटे ४:१२

भोसरीकर काकांच्या शेवटच्या दोन ओळी ठळक अक्षरांत वाचाव्यात म्हणून लिहिते आहे. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी लीड्सला अपघात विभागात नर्स आहे.

दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून सुईसारखं बाहेर येतं आणि कातडीतून आत जातं. हातमोज्यातूनही जातं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पहिले काही तास फारसं दुखतही नाही, माणूस पट्टी लावून घरी जातो. आत मात्र ते तेल बोटाच्या स्नायुबंधाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरलेलं असतं. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची केस आहे. उशीर झाला तर बोट जातं. १०० पीएसआयचा दाबही कातडी भेदू शकतो असं आम्हाला शिकवतात. तुमच्या गाडीत किती असतो?


शारजाकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ताई, नॉर्मल उंचीला पुढच्या बाजूला ६.९ मेगापास्कल, म्हणजे सुमारे १००० पीएसआय. पंपाजवळच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणारा डबा) त्याहून जास्त, १० मेगापास्कलच्या आसपास. इंजिन बंद केलं तरी तो दाब आत तसाच राहतो.


रात्रपाळी | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:४४

मग कृपया चष्मा लावा, आणि टोचल्यासारखं काहीही वाटलं तर थेट इमर्जन्सीत जा. तिथे 'हाय प्रेशर इंजेक्शन' हे शब्द उच्चारा. नुसतं 'तेल लागलं' म्हणालात तर तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवतील. मी पाहिलंय.


रंकाळा_एक्स्प्रेस | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मध्येच तोंड घालतो, क्षमस्व. आमच्याकडे कोल्हापुरात एका पाहुण्यांची महागडी एसयूव्ही आहे, तीपण वर-खाली होते. ती पण तेलाचीच का? आणि नायट्रोजनच्या गोळ्याचं काम काय, शॉकअपमध्ये तेल आहे ना?


भोसरीकर | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

तेल दाबलं जात नाही. नुसतं तेल भरलं तर चाकाखाली दगड आला की धक्का थेट अंगावर. म्हणून गोळ्यात वायू ठेवतात. मधे पडदा असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. तेल पडद्याला ढकलतं, वायू दबतो, धक्का तिथं मरतो. पडद्यातून वायू निसटला की गोळा दगड होतो.

गोळा कधी उघडायचा नाही, तापवायचा नाही, भोक पाडायचं नाही.


शारजाकर | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

पाहुण्यांची बहुतेक हवेची असणार. हल्लीच्या जर्मन, ब्रिटिश गाड्यांत रबरी फुगे आणि कॉम्प्रेसर असतो, तिथे पूर्ण वजन हवेवर. हवा गेली की गाडी जमिनीवर. तेल आणि वायू एकत्र वापरण्याची कल्पना मूळची सित्रोएनची. १९५४ मध्ये त्यांनी एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना लावून पाहिली आणि १९५५ च्या डीएसला चारही चाकांना दिली. तिला पोलादी स्प्रिंगच नव्हती. आपल्या गाडीत स्प्रिंग आहे, म्हणून तेल गेलं तरी रखडत घरी येता येतं.


अर्धवट_मेकॅनिक | १९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

भोसरीकर काका, साष्टांग नमस्कार.

गाडी धुतली, वाळवली, मुलीची पावडर मारली (डबा रिकामा झाला, वेगळी बोलणी खाल्ली). गाडी वर घेतली. शॉकअपच्या दांडीवरची पावडर कोरडी ठणठणीत. मी बघत बसलो. चार मिनिटांनी चॅसीच्या आतल्या अंगाला, शॉकअपपासून दीड-दोन हात पुढे, एक पांढरी रेघ राखाडी झाली. तिथे पोलादी नळी एका प्लास्टिकच्या क्लिपमधून जाते. क्लिपच्या कडेला गंजाची पापुद्र्यासारखी खपली आणि तिच्या आडून तेल. ते चॅसीच्या कडेवरून घरंगळत मागे येत होतं आणि शॉकअपच्या डोक्यावर ठिबकत होतं.

शॉकअप निर्दोष. त्या दोन शॉकअपचे पैसे वाचले.

शत्रू कोण ते कळलंच असेल. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, तिथलं मीठ रस्त्यावर, रस्त्यावरचं माझ्या चॅसीवर. गाडी बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, वीस वर्षं लोणच्यात ठेवलेलं पोलाद आहे ते.

एक कोडं होतं तेही सुटलं. गळती उजव्या बाजूची, मग मागची अख्खी बाजू सारखी का बसायची? या गाडीत मागे उंचीचा सेन्सर एकच आहे आणि डावी-उजवी बाजू आतून तेलाने जोडलेली असते. एकीकडून गेलं की दोन्हीकडून जातं. म्हणून नुसतं बसण्यावरून बाजू कळत नाही.

आता प्रश्न: अख्खी नळी बदलू की खराब तुकडा कापून नवा जोडू? अख्खी नळी पंपापासून मागपर्यंत जाते, ती घालायची तर चॅसीवरून बॉडी उचलावी लागेल असं वाटतंय.


स्प्रिंग_लावा_सुखी_व्हा | १९ ऑक्टोबर, रात्री ११:३०

सांगितलं होतं. पण पावडरची आयडिया आवडली.


भोसरीकर | २० ऑक्टोबर, सकाळी ६:५५

तुकडा जोडा. पण कुठून कापायचं ते डोळ्याने ठरवू नका. सँडपेपरने घासत मागे जा, जिथं चकचकीत पोलाद सलग लागेल तिथून चार बोटं पुढं कापा. गंजक्या टोकावर फ्लेअर पाडायला, म्हणजे टोक कर्ण्यासारखं फुलवायला, गेलात तर ते चिरतं.

नळी तांबं-निकेलची घ्या. गंजत नाही, हाताने वाकते. नुसतं तांबं घेऊ नका, ते थरथरीने थकून फुटतं. रिंग दाबून बसवायचे जोड लावू नका, फ्लेअर आणि नट असलेलाच जोड लावा. रबरी पाइप आणि क्लॅम्पचं तर नावही काढू नका.

जुन्या नळीचं टोक बघून त्याच जातीचं फ्लेअर पाडा. दुहेरी असेल तर दुहेरी. व्हर्निअरने व्यास मोजा, आटे मोजा. इंच आणि मिलिमीटरचे नट एकमेकांत दोन आटे गोडीने जातात आणि तिसऱ्याला दावा मांडतात.


अर्धवट_मेकॅनिक | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

झालं! पण 'एक शनिवार' म्हणालो होतो, तीन लागले. सगळं लिहितो, माझ्या चुकांसकट.

दाब सोडणं. गाडी लोवर घेतली, इंजिन बंद, किल्ली खिशात. पुढच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे. चारही घोडी चॅसीखाली, अ‍ॅक्सलखाली नाही, कारण तेल सोडलं की चॅसीच खाली येते आणि मधे जे सापडेल ते चेपतं. घोडी लावून गाडी ढकलून पाहिली, हलली नाही, मगच खाली गेलो. अ‍ॅक्युम्युलेटरच्या निप्पलला (तेल आणि हवा सोडायचा छोटा बोल्ट) पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत, चष्मा डोळ्यांवर, आणि १० चा पाना पाव फेरी. फुस्स करून तेल आलं, मग संथ झालं. मग मागची दोन्ही निप्पलं. त्यातलं डावं इतकं गंजलं होतं की रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारा स्प्रे मारत तीन दिवस थांबलो. तुटलं असतं तर गोष्ट वेगळीच झाली असती.

शॉकअपच्या बाजूचा नट. साध्या पान्याने त्याचे कोपरे खाल्ले. मग लाइन पाना आणला, पाच बाजूंनी पकडणारा तो. त्याने नट फिरला, पण नळीही नटाबरोबर फिरून पिळली. नळी टाकायचीच होती म्हणून नटाजवळ कापली आणि सॉकेट घालून काढला. ज्योत लावायचा विचारही केला नाही. पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर आहे.

फ्लेअर. यंत्र पार्ट्सच्या दुकानातून अनामत ठेवून आणलं, परत दिलं की पैसे परत. इथे बऱ्याच दुकानांत ही सोय आहे. टाकाऊ तुकड्यावर सहा फ्लेअर पाडून पाहिले: पहिले दोन वाकडे, तिसरा चिरला, पुढचे बरे. मग खरी नळी मोजली, वाकवली, दोन्ही टोकांना सुंदर फ्लेअर पाडले. मुलीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, ते नट कुठे घालणार?"

नट नळीवर ओवायचे राहिले होते. दोन्ही.

एक टोक कापून नट ओवले आणि पुन्हा फ्लेअर पाडला. नळी बोटभर आखूड झाली, म्हणून एका वळणाचा बाक सैल करावा लागला.

क्लिपांमध्ये नवी नळी बसवताना प्रत्येक ठिकाणी आत थोडं ग्रीस भरलं. चॅसीला कुठेही घासत नाही हे बोट फिरवून पाहिलं.

हवा काढणं. या कामाला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांचं आपसात बरं असावं लागतं. टाकी भरली, घोडी काढली, बायको आत बटनावर. इंजिन चालू, "नॉर्मल!" पंप घरघरला, गाडी उठली. इंजिन बंद. मी बाहेरून, अंग गाडीखाली न घालता, चाकाच्या कमानीतून हात घालून निप्पल उघडायचा. आधी दुधासारखा फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ तेल. गाडी बसत यायची, ती पूर्ण बसायच्या आत निप्पल बंद. टाकी भरायची. पुन्हा. क्रम: पुढची दोन, मागची दोन, शेवटी अ‍ॅक्युम्युलेटर. टाकी एकदाही रिकामी होऊ दिली नाही, नाहीतर पंप हवा ओढतो आणि पहिल्यापासून सुरुवात. पंप सलग फार वेळ चालला की स्वतःहून थांबतो, तेव्हा घाबरू नका. चहा प्या.

जुनं तेल कळकट तपकिरी होतं, नवं फिकट. सगळं मिळून दोन डबे गेले.

आता मागची बाजू सकाळी जिथे होती तिथेच असते. पुठ्ठा कोरडा. दिवा गेला.

पण गाडी पुढे ताठ वाटते आहे. छोट्या खड्ड्यांना नाक उडवते. शारजाकर, आता काय?


शारजाकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अभिनंदन! नटाची गोष्ट वाचून ऑफिसात एकटाच हसलो. तो प्रकार प्रत्येकाच्या हातून एकदा होतोच.

रेघा मोज. मग लॅपटॉपवर टेकस्ट्रीम (टोयोटाचं तपासणीचं सॉफ्टवेअर) आणि स्वस्तातली केबल घेऊन दाब वाच. पुढे ६.९, अर्धा इकडेतिकडे चालेल. मागे ५.६ ते ६.७.


अर्धवट_मेकॅनिक | ४ नोव्हेंबर, रात्री ९:२०

रेघा ११. मागे ६.३. पुढे ७.९.


शारजाकर | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

मग गोळे अजून जिवंत आहेत. मागे छान. पुढचे टॉर्शन बार थकलेत, त्यांचा भार तेल उचलतंय, म्हणून दाब जास्त आणि चाल ताठ. टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला बोल्ट आहे, तो दोन्हीकडे आवळ. साधारण एका फेरीला ०.२ मेगापास्कल उतरतो. जॅकने पुढची बाजू उचलून बारवरचा भार कमी कर, मगच फिरव, नाहीतर बोल्टाचे आटे सोलशील. आधी बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेव.

लोक इथेच गोंधळतात. आवळल्यावर गाडी वर गेलेली दिसणार नाही, कारण उंची सेन्सर ठरवतो. बदलतो तो फक्त तेलाचा वाटा. गाडी डावी-उजवीकडे कललेली असेल तर तेवढ्यापुरता एका बाजूचा बोल्ट कमी-जास्त कर.


अर्धवट_मेकॅनिक | ८ नोव्हेंबर, रात्री ८:१०

दोन्हीकडे साडेचार फेऱ्या. पुढे आता ७.०. शेजारच्या रस्त्यावरच्या रेल्वे फाटकावरून मुद्दाम चार वेळा गेलो. बायको म्हणाली, "बरं, ठेवू या गाडी."


स्प्रिंग_लावा_सुखी_व्हा | ८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

पुढच्या हिवाळ्यात भेटूच. (मनापासून अभिनंदन. मी एएचसी काढलं तेव्हा माझ्याकडे ना पावडर होती ना भोसरीकर.)


रंकाळा_एक्स्प्रेस | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:००

एकूण किती खर्च आला ते राहिलं की. पाहुण्यांना सांगायचंय.


अर्धवट_मेकॅनिक | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

नळी आणि नट चाळीस डॉलरच्या आत. लाइन पाने आणि केबल मिळून साधारण तेवढेच. खरा पैसा तेलाच्या डब्यांत गेला. आणि एक पावडरचा डबा. पाहुण्यांची हवेची असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्यांना सांगताना तेवढं सांगा.


भोसरीकर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

जुनी नळी टाकली का? टाकू नका. गळती होती तो तुकडा उभा चिरा आणि आत-बाहेर बघा. गंज आतून आहे की बाहेरून?


अर्धवट_मेकॅनिक | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

चिरली काका. आतून आरशासारखी. बाहेरून क्लिपच्या खाली तेवढा दोन बोटांचा भाग कागदाइतका पातळ झालाय, बाकी नळीवर नुसता वरवरचा तांबूस थर. क्लिपमध्ये चिखल आणि मीठ अडकून ओलं राहत असणार. क्लिप बाहेरून तर धडधाकट दिसत होती.


भोसरीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मग बाकीच्या क्लिपा?


अर्धवट_मेकॅनिक | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मोजल्या. उजव्या नळीवर अजून दोन, डाव्या नळीवर पाच. पुढच्या आठवड्यात बर्फ सांगितलंय, त्याआधी एकेक उघडून घासून ग्रीस भरतो. शनिवारी बसतो. घरी अजून सांगितलेलं नाही.